प्लास्टिकला डांबर

एलिंग्सरूड बाई मला मागे टाकून पुढे गेल्या, तो रविवार मी जन्मात विसरणार नाही. नुसत्या पुढे गेल्या असत्या तर माझं काही म्हणणं नव्हतं. ड्रामेनमध्ये बर्फ पडला की रविवारी सगळं गाव पायात स्की अडकवून रानात असतं, आणि रानातल्या वाटेवर कोणी ना कोणी कोणाच्या तरी पुढे जातंच. पण या बाईंनी पुढे जाता जाता मान वळवून विचारलं, "तब्येत बरी आहे ना, त्वाइट?" बाईंनी सत्तरी ओलांडलेली. पाठीवर पिशवी, पिशवीत कॉफीचा थर्मास आणि त्यावर अर्धवट विणलेला मोजा. मी पंचेचाळिशीचा, नगरपालिकेच्या पाणीपुरवठा खात्यातला उपमुख्य लेखनिक, आणि तब्येत उत्तम. मी तसं सांगेपर्यंत बाई वळणापलीकडे गेल्या होत्या.

त्याआधी अर्धा तास आमच्या वरच्या मजल्यावरचा ओटार पुढे गेला होता. त्याचं मी मनाला लावून घेतलं नाही, कारण ओटार शाळेत व्यायाम शिकवतो आणि अंगाला चिकटणारा लाल नायलॉनचा पोशाख घालतो. एवढा तंग पोशाख घालणाऱ्या माणसाने घाईतच असायला हवं. पण एलिंग्सरूड बाई आमच्यासारख्याच, गुडघ्यापर्यंतची लोकरी विजार आणि घरी विणलेला स्वेटर घालणाऱ्या. फरक फक्त पायात होता. बाईंच्या पायात फायबरग्लासची स्की होती आणि माझ्या पायात लाकडाची.

आता इथे थोडं थांबून सांगायला हवं, कारण हा प्रश्न माझ्या एकट्याचा नाही, राष्ट्राचा आहे. स्की हा आम्हा नॉर्वेच्या लोकांचा एक अवयवच आहे. आमच्या दलदलीत खणलं की हजारो वर्षांपूर्वीच्या स्की सापडतात, आणि त्या लाकडाच्याच असतात. पुढे तेलेमार्कच्या शेतकऱ्यांनी टाच बांधायची युक्ती काढली आणि उतारावर वळायचं कसं हे जगाला दाखवलं. मग जगाने ते उचललं. इंग्रज हौशे आल्प्समध्ये गेले, त्यांच्यासाठी हॉटेलं उभी राहिली, डोंगर चढायचा कंटाळा येतो म्हणून वर जायला पाळणे लागले, आणि पाळण्यात बसून दिसायला बरं म्हणून भारी भारी कपडे आले. आम्ही इकडे शिस्तीत लाकडाला डांबर लावत राहिलो. मग गेल्या वर्षी, म्हणजे चौऱ्याहत्तर साली, शेजारी स्वीडनमध्ये जागतिक स्पर्धा झाली. तिथे प्लास्टिकवाल्यांनी लाकडाची जी दाणादाण उडवली ती आम्ही सगळ्यांनी टीव्हीवर पाहिली. त्या संध्याकाळी देशाने शोक पाळला आणि सोमवारी सकाळी दुकानासमोर रांग लावली.

मी त्या रांगेत नव्हतो. मी वर्षभर धीर धरला. एलिंग्सरूड बाईंच्या त्या प्रश्नानंतर मात्र धरायला धीर उरला नाही. दुकानात 'जुनी द्या, नवी घ्या' अशी सोय होती. मी जुनी लाकडी जोडी दिली आणि निळ्या रंगाची, वर नारिंगी पट्टे असलेली फायबरग्लासची जोडी घेऊन शीळ घालत घरी आलो.

तुरिड, म्हणजे माझी बायको, बटाटे सोलत होती. तिने त्या जोडीकडे पाहिलं आणि सुरी खाली ठेवली.

"जुनी कुठाय?"

"दिली."

"बाबांनी केलेली?"

तोपर्यंत माझ्या हे लक्षात आलं नव्हतं असं नाही. पण लक्षात येणं आणि बायकोने ते मोठ्याने म्हणणं यात फार अंतर असतं.

माझे सासरे गुनलाइक हे तेलेमार्कमधले स्की करणारे कारागीर. त्यांचे वडीलही तेच करायचे. जोडी पूर्ण झाली की पुढच्या बाजूला तापलेल्या लोखंडाने एक इवलंसं देवदाराचं झाड उमटवायचं, ही त्यांच्या घराची खूण. आमच्या लग्नात त्यांनी मला तशी एक जोडी दिली होती आणि आमच्या कुटुंबात त्या जोडीला लग्नाच्या अंगठीपेक्षा थोडी जास्तच किंमत होती. गेल्या वर्षीच्या त्या स्पर्धेपासून म्हाताऱ्याकडे कोणी फिरकत नव्हतं. एक हॉटेलवाला तेवढा येऊन गेला. त्याला स्की हव्या होत्या, पण भिंतीवर लावायला, तेही रंध्यासकट आणि साच्यासकट, म्हणजे पाहुण्यांना जुन्या काळात गेल्यासारखं वाटेल.

"बाबा फोनवर काय म्हणाले माहितीये?" तुरिड म्हणाली. "ईस्टरनंतर बघतो म्हणाले, कारखाना ठेवायचा की सगळं त्या हॉटेलवाल्याला देऊन टाकायचं. आणि वर म्हणाले, अजून एक तरी शहाणा माणूस माझ्या स्कीवर चालतो. तो शहाणा माणूस म्हणजे तू. आणि ईस्टरला ते आपल्याबरोबर डोंगरावर येणारेत. तुझ्या पायात हे निळं-नारिंगी दिसलं ना, की संपलं सगळं. घरी जातील आणि कुलूप घालतील."

मी तातडीने दुकानात गेलो. माझी जोडी त्याच दिवशी एका जर्मन माणसाने नेली होती. आता ती आल्प्समधल्या कुठल्याशा हॉटेलात हरणाच्या शिंगांखाली फुलीसारखी टांगली जाणार होती. दुसऱ्या कोणाची लाकडी जोडी घेता आली असती, पण सासऱ्यांच्या दृष्टीने तो प्लास्टिकपेक्षा मोठा गुन्हा. त्यांच्याकडूनच नवीन मागवावी, तर जुनीचं काय झालं हे सांगावं लागणार. सगळ्या बाजूंनी विचार केल्यावर एकच वाट उरली. प्लास्टिकचं लाकूड करायचं.

आमच्या सोसायटीत एखादी गोष्ट गुपचूप करायची असेल तर ती ओस्लोला जाऊन करावी लागते. मी तळघरात स्की घासायला घेतली आणि पाच मिनिटांत ओटार दारात उभा.

"काय रे, नवी कोरी स्की खरवडतोयस? वेड लागलं काय?"

मी सांगितलं. त्याने पोट धरून हसून घेतलं आणि मग शिक्षकी आवाजात म्हणाला, "होडीचा तपकिरी रंग लाव. माझ्याकडे अर्धा डबा आहे. होडी पाण्यात राहते तर स्की बर्फात राहीलच की. बर्फ म्हणजे तरी काय, पाणीच."

पाणीपुरवठा खात्यातल्या माणसाला हा युक्तिवाद खोडता आला नाही. रंग लावला. जोडी सुकल्यावर दिसायला अगदी होडीसारखी दिसू लागली.

"लाकूड नाही वाटत," मी म्हणालो.

"कसं वाटेल? रेषा कुठायत?" मागून आवाज आला. एलिंग्सरूड बाई धुण्याची टोपली घेऊन उभ्या होत्या. बाईंचे यजमान घरं रंगवायचे. साध्या पाइनच्या दारांवर महागड्या ओकच्या लाकडाच्या रेषा काढून देण्यात त्यांचा हात धरणारा ड्रामेनमध्ये कोणी नव्हता. निम्म्या गावाची ओकची दारं मुळात ओकची नाहीत, हे गाव कधी बोलून दाखवत नाही. "ते वर काढायचे, खाली रंग मी कालवायचे," बाई म्हणाल्या. "बिअरमध्ये कालवावा लागतो. शिळी बिअर. आणा एक बाटली, मी कंगवा घेऊन येते."

शनिवारची दुपार होती आणि बिअरचं दुकान बंद व्हायच्या बेतात होतं. मी धावत जाऊन दोन बाटल्या आणल्या. बिअर शिळी व्हायला उघडी ठेवायला हवी होती, म्हणून ती तळघरात उघडी ठेवली. परत येऊन पाहतो तर ती संपली होती आणि ओटार तोंड पुसत होता. "मला वाटलं माझ्या रंगाच्या डब्याबद्दल ठेवलीयेस," तो म्हणाला. सोमवारपर्यंत काम थांबलं.

सोमवारी बाईंनी मनापासून काम केलं हे मला मान्य करायलाच हवं. कंगवा असा काही फिरवला की फायबरग्लासवर झाड उगवलं. फक्त ते झाड ओकचं होतं.

"बाई, सासऱ्यांची स्की हिकरीच्या लाकडाची असते."

"मला हिकरी येत नाही. आमच्याकडे कोणी मागितली नाही. ओक घ्यायचं तर घ्या." आणि बोलता बोलता बाईंनी बोटाला चिंधी गुंडाळली आणि दोन्ही स्कीवर, जिथे बूट येतो बरोबर तिथे, एकेक मोठी, गोल, देखणी गाठ काढली. "गाठीशिवाय लाकूड खोटं वाटतं," त्या म्हणाल्या.

रंग झाला, रेषा झाल्या. राहिला वास. लाकडी स्की ओळखायला आमच्या लोकांना डोळे लागत नाहीत. दर शरद ऋतूत तिला पाइनचं डांबर लावतात आणि ब्लोलॅम्पच्या ज्योतीने ते लाकडात मुरवतात. तो वास वर्षभर स्कीला, बुटांना, मोटारीला आणि नवऱ्याला येतो. माझ्या जोडीला ओटारच्या होडीचा वास येत होता. तेव्हा मी डांबर आणलं, ब्लोलॅम्प पेटवला आणि लहानपणापासून ज्या भक्तिभावाने हे काम केलं त्याच भक्तिभावाने ज्योत स्कीच्या टोकापाशी नेली.

लाकूड ज्योतीखाली डांबर पितं. प्लास्टिक ज्योतीखाली माना टाकतं. स्कीचं टोक, जे ऐटीत वर वळलेलं असतं, ते माझ्या डोळ्यांदेखत सावकाश खाली झुकलं आणि डावीकडे कललं. मी ते हाताने सावरायला गेलो आणि पुढचे आठ दिवस पाणीपुरवठा खात्यात बोटांना पट्ट्या बांधून हिशेब लिहिले. साहेबांनी विचारलं तर मी स्वयंपाकात मदत करताना भाजलं म्हणून सांगितलं, आणि साहेबांच्या बायकोने दुसऱ्या दिवशी तुरिडचं अभिनंदन केलं.

डांबर मग थंडच लावलं. ते सुकलं नाही. वास मात्र अस्सल, आणि तो जिने चढून थेट क्वामे यांच्या चादरींत शिरला.

क्वामे हे आमच्या सोसायटीचे अध्यक्ष. रेल्वेत इंजिनांचे तपासनीस होते आणि निवृत्त झाल्याची बातमी अजून त्यांच्यापर्यंत पोचलेली नाही. ते चादर हातात घेऊनच तळघरात आले आणि भिंतीवरच्या पाटीकडे बोट दाखवलं. पाटीवर सोसायटी बांधली तेव्हापासून लिहिलेलं आहे की लाकडी स्कीला डांबर लावण्यासाठी तळघर ऑक्टोबरात मिळेल.

"ही स्की लाकडी आहे का, त्वाइट?"

मी ओटारकडे पाहिलं. ओटारने छताकडे पाहिलं.

"कारण लाकडी असेल तर हा मार्च आहे," क्वामे म्हणाले. "आणि लाकडी नसेल तर तिला डांबर लावायची तरतूदच नाही. तेव्हा तुम्ही इथे नेमकं करताय काय, ते मला सांगा. समितीला मी काय सांगू?"

"काहीच सांगू नका."

"असं कसं? वास तर येतोय ना! वासाला कारण लागतं." त्यांनी चादर माझ्या नाकापुढे धरली. "आमच्या हिने मला काल विचारलं, तुम्ही परत इंजिनावर जायला लागलात का म्हणून."

शेवटी असं ठरलं की ईस्टरनंतर समितीची बैठक बसेल आणि ती ठरवेल की माझी स्की लाकूड आहे की नाही. तोवर तळघराला कुलूप. स्की आत. आता समितीने माझी स्की लाकडी असल्याचा ठराव केला असता तर मला तो चौकटीत लावून सासऱ्यांना दाखवता आला असता, पण ईस्टर त्याआधी येत होता. धुण्याच्या पाळीमुळे गुरुवारी चावी एलिंग्सरूड बाईंकडे असते. गुरुवारी बाईंनी आणि मी एका ओल्या पलंगपोसात गुंडाळलेली काहीतरी लांबलचक वस्तू दोन्ही टोकांना धरून क्वामे यांच्या दारावरून नेली. दार उघडंच होतं. "पडदे," बाई गंभीरपणे म्हणाल्या. क्वामेंनी मान डोलावली, पण श्रमदानात गटारं उपसायच्या कामावर यंदा माझं नाव पहिलं लागलं ते उगीच नाही.

वाकलेलं टोक ओटारने धुणीघरातल्या उकळत्या पाण्यात बुडवून पुन्हा वर वळवलं. डावीकडचा कल तेवढा राहिला. आणि मग राहिली शेवटची गोष्ट, ती खूण. देवदाराचं झाड.

"ते नको," तुरिड म्हणाली. "बिर्गर, ते एक नको करूस."

"मग बाबांना लगेच कळेल."

"कळू दे. बाकी सगळं ठीक आहे, पण ते झाड नको."

तिचा आवाज असा होता की मी गप्प बसायला हवं होतं. पण इतका रंग, इतकी बिअर आणि बोटांची कातडी घातल्यावर माणूस शेवटच्या पायरीवर थांबत नाही. मी काळ्या शाईने आणि बारीक कुंच्याने दोन्ही स्कीवर देवदाराचं झाड काढलं. उजवीकडचं बरं आलं. डावीकडचं थोडं कोबीसारखं दिसत होतं. तुरिडने ते पाहिलं आणि ती संत्री पिशवीत भरायला गेली.

ईस्टरला आम्ही डोंगरावर पोचलो तेव्हा सासरे आमच्या लाकडी खोपटाच्या पायरीवर आधीच येऊन बसले होते. लहान चणीचा, ताठ पाठीचा माणूस. तुरिडला जवळ घेतलं, माझ्याशी हात मिळवला, आणि त्यांचे डोळे गाडीच्या टपावर गेले. मी घाईघाईने स्की काढली. पट्ट्याला चिकटून थोडा रंग पट्ट्यावरच राहिला. मी ती बाजू भिंतीकडे करून जोडी उभी केली.

म्हातारा जवळ गेला. हात लावला नाही. नाक जवळ नेलं.

"डांबर?"

"हो. ताजंच लावलंय."

"मार्चमध्ये?"

"म्हटलं, तुम्ही येणार."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग माझ्या बोटांकडे पाहिलं आणि आत कॉफी प्यायला गेले. मी तुरिडकडे विजयाने बघितलं. तिने माझ्याकडे बघितलं नाही.

दुसऱ्या दिवशी ऊन असं पडलं की आमच्याकडच्या लोकांचं डोकं ठिकाणावर राहत नाही. ईस्टरचं ऊन म्हणजे आमच्यासाठी वर्षभराची कमाई. डोंगराच्या वाटेवर जागोजागी लोक बर्फात खड्डा करून, हरणाच्या कातड्यावर बसून, चेहरे वर करून संत्री खात होते. जवळच्या हॉटेलातले पाहुणेही होते, पिवळ्याजर्द चकचकीत कपड्यांतले, आणि डोळ्यांवर एवढाले काळे चष्मे. सासऱ्यांनी हाताची उलटी बाजू बर्फावर टेकवून तो किती गार आहे ते पाहिलं आणि त्याप्रमाणे स्कीला लावायच्या मेणाची डबी निवडली. तुरिड चीज कापायला मागे थांबली. मी मनाशी ठरवलं होतं की सासऱ्यांच्या मागे राहायचं, म्हणजे माझी स्की त्यांच्या नजरेस पडायची नाही.

"तू पुढे हो," सासरे म्हणाले. "माझे पाय म्हातारे. वाट तू पाड."

थोरल्याने पुढे हो म्हटल्यावर जावयाने नाही म्हणायची पद्धत आमच्याकडे नाही. मी पुढे झालो.

पहिला चढ छान गेला. स्की पळत होती, डावीकडे जरा जास्तच. दुसऱ्या चढावर ऊन थेट बर्फावर पडलं होतं, आणि तिथे माझ्या असं लक्षात आलं की संत्री खाणारी माणसं माझ्याकडे बघत नाहीयेत, माझ्या मागे बघतायत. एक पिवळ्या कपड्यांतल्या बाई चष्मा वर करून नवऱ्याला म्हणाल्या, "अगं बाई! यांना काही लागलंय का?"

मी मागे वळून पाहिलं. आमच्या खोपटापासून तिथपर्यंत, दोन टेकड्यांवरून, पांढऱ्याशुभ्र बर्फात दोन तपकिरी रेघा ओढलेल्या होत्या. कुठे ठळक, कुठे फिकट, आणि वळणावर डावीकडे भरकटलेल्या. होडीचा रंग, बिअर आणि डांबर उन्हात एक होऊन उतरत होतं. त्या रेघांच्या बरोबर मधून, त्या मुळीच विस्कटू न देता, माझे सासरे सावकाश वर येत होते.

मी खाली पाहिलं. उजवी स्की अर्धी निळी झाली होती. नारिंगी पट्टे उघडे पडले होते. बुटाखालून डोकावणारी ओकची गाठ तेवढी शाबूत होती, आणि झाडं. शाई चांगल्या प्रतीची होती.

सासरे आले, काठ्या बर्फात रोवल्या आणि एका खडकावर बसले. मग म्हणाले, "काढ पायातून."

मी काढली. त्यांनी एक स्की मांडीवर घेतली आणि कमरेचा सुरा उपसला. वीस वर्षांत मला या माणसाची भीती वाटली नव्हती, ती तिथे त्या उन्हात वाटली, आणि भीतीहून जास्त लाज वाटली. त्यांनी सुऱ्याच्या धारेने ते झाड खरवडायला सुरुवात केली. घाई नाही. फांदी न् फांदी काढली. उजवीकडचं झालं, मग डावीकडची घेतली. कोबीपाशी क्षणभर थांबले, आणि तोही काढला.

"हे झाड माझ्या बापाचं," ते म्हणाले. "ज्याने स्की केली त्याने ते उमटवायचं. ही मी केली?"

"नाही, बाबा."

"मग कोणी केली?"

"प्लास्टिकच्या कारखान्यात झाली."

"कारखान्यात झाली ती निळी होती. ती दिसतेय मला. ही तपकिरी कोणी केली?"

"मी," मी म्हणालो. "म्हणजे एलिंग्सरूड बाईंनी रेषा काढल्या. ओटारने टोक वळवलं. बाकी मी."

"बोटं कोणाची भाजली?"

"माझी."

"केव्हापासून लागला होतास?"

"फेब्रुवारीपासून."

"फेब्रुवारीपासून!" म्हाताऱ्याने मान हलवली. "एका जोडीला? अरे, एवढ्यात मी चर्चच्या अख्ख्या गायकमंडळाला स्की केल्या असत्या. आणि हे सगळं कशासाठी? मला वाईट वाटू नये म्हणून?"

मी भाजलेली बोटं खिशात घातली.

"आणि ही गाठ!" त्यांनी एकदम आवाज चढवला. "पायाखाली गाठ? पायाखाली गाठ घेतात का कधी? तिथेच तर मोडते स्की!"

"पण बाबा, ती रंगवलेली आहे."

"रंगवलेली असली म्हणून काय झालं? पायाखाली?" ते खरोखरच चिडले होते. झाडाबद्दल चिडले नव्हते तेवढे गाठीवर चिडले. मग त्यांनी पुन्हा सुरा धरला, खरवडलेल्या जागी टोक टेकवलं आणि विचारलं, "बी आणि टी. बरोबर ना?"

"काय?"

"तुझं नाव. बिर्गर त्वाइट."

"बाबा, नका हो. लोक वाचतील."

"वाचू देत. त्यासाठीच कोरतात." त्यांनी अक्षरं कोरली, दोन्ही स्कीवर, खोल आणि सरळ. मी उभ्या आयुष्यात केलेल्या एकुलत्या एका वस्तूवर माझं नाव आलं, आणि ती वस्तू निळी, नारिंगी, तपकिरी आणि डावीकडे कललेली होती. पिवळ्या कपड्यांतल्या बाई ते बघायला मुद्दाम जवळ आल्या. माझी मान खाली गेली, पण छाती का कोण जाणे, वर आली.

सासऱ्यांनी कोरलेल्या अक्षरांवरून अंगठा फिरवला.

"तो हॉटेलवाला सोमवारी येणार होता हत्यारं न्यायला," ते म्हणाले. "मी त्याला हो म्हणून ठेवलं होतं. तुला आज सांगणार होतो. आता त्याला नाही कळवावं लागेल. असलं काम करणारा माणूस घरात आहे हे माहीत झाल्यावर मी कारखाना कसा बंद करू? उद्या कोणाला तरी ही स्की दाखवून म्हणशील, मी गुनलाइकचा जावई. जुलैत ये. पूर्ण महिना. लाकूड निवडण्यापासून सुरुवात करू."

जुलैत आमची स्पेनची तिकिटं काढलेली होती. जानेवारीपासून ती कपाटात होती, आणि तुरिडने पोहण्याचा नवा पोशाखही घेतला होता. वीस वर्षांत पहिल्यांदाच आम्ही समुद्राच्या उन्हात जाणार होतो. हे सगळं सांगायला मी तोंड उघडलं. म्हातारा सुरा विजारीला पुसत होता, खाली मान घालून, हळूहळू, आणि माझ्याकडे मुळीच बघत नव्हता.

"सकाळी कितीला येऊ?" मी विचारलं.